पाठीला न लावलेला कान

माझ्या फजित्या उरणात कुणाला ठाऊक नाहीत? खाडी उतरताना चिखलात कमरेपर्यंत रुतलो आणि मला ओढून काढायला चार माणसं नि एक दोरखंड लागला — ही गोष्ट लग्नाच्या पंगतींत मीच रंगवून सांगितली आहे. एकाची किडकी दाढ सोडून शेजारची धडधाकट उपटली, तीही. लोक हसतात, मी हसवतो. चार मूर्खपणे स्वतःच उघड्यावर मांडले, की पाचव्याची चौकशी कुणी करत नाही. हा पाचवा मी आजवर कुणाला सांगितलेला नाही. बायकोलाही नाही.

तेव्हाचं आमचं ध्यान आधी डोळ्यांसमोर आणा. एकोणीसशे तिशीची सालं, नवीकोरी पदवी — पदवी कसली, परवान्याचा कागद — कडक कॉलर, आणि गळ्यात छाती तपासायची नळी. आंघोळीपुरती तेवढी ती निघायची. ती काढली तर माझ्यात आणि मिठागराच्या मुनीमात फरक काय उरला असता?

तर ही नळी. खाऱ्या हवेने तिचं रबर आधी कडक झालं, मग चिरलं. पावसाळा सरता सरता तिच्यातून काही म्हणजे काही ऐकू येईनासं झालं. मुंबईला लाँच रोज सुटत होती, नवी नळी आणायला एक दिवस पुरला असता. गेलो नाही. का जाऊ? रोग्याला कुठे कळतं? मी नळी टेकवायचो, डोळे मिटायचो आणि गंभीरपणे "हं" म्हणायचो. सहा-सात महिने त्या "हं"वर दवाखाना झकास चालला.

उन्हं तापू लागली तेव्हा हिरूबाई आली. मिठागरात टोपल्या वाहणारी आगरी बाई, कडेवर तीन वर्षांची सोनी. पोर खायची भरपूर, पण अंगाला काही लागायचं नाही. सकाळी उठली की ओला, घरघरता खोकला. बाकावर मुनीम आणि त्याचे दोन स्नेही बसले होते — म्हणजे मला प्रेक्षक होते.

"दाक्तर, पोरीचा मुका घेतला का खारं लागतं," ती म्हणाली.

"मिठागरातली पोर खारी नाही लागणार, तर काय पेढ्यासारखी गोड लागेल?"

मुनीम मांडी थोपटून हसला.

"मंग माजी मोठी दोन का न्हाय खारी?"

प्रश्न बघा किती सरळ! सगळ्या शिक्षणात मला असा एक नेमका प्रश्न सुचला नव्हता. आणि मी काय केलं? मुनीमाकडे बघून मिशीतल्या मिशीत हसलो.

ती काही हटली नाही. रोज सकाळी ती सोनीच्या पाठीला कान लावायची म्हणे. आत सुकल्या मिठावर पाय पडावा तसं वाजायचं. मी ऐटीत नळी टेकवली, डोळे मिटले. शांतता. चिरलेल्या रबरात दुसरं काय असणार? तिने माझ्या तोंडाकडे टक लावून पाहिलं आणि — तिला कसं कळलं कोण जाणे —

"नली ठेव बाजूला," म्हणाली. "कान लाव."

यात अडाणीपणा कसला? नळी निघण्याआधी डॉक्टर तेच करायचे, आम्हाला वर्गात करून दाखवलं होतं. पण ती पाठ घामाने निथळत होती, वर मिठाची पांढुरकी रेघ — आणि माझी कॉलर परीटघडीची. मुनीम बघत होता. मिठागरवालीच्या पोरीच्या पाठीला कान लावायचा? मी? मला किळस आली. हेच ते. अज्ञान नव्हे, घाई नव्हे — किळस, आणि चार माणसांत मिरवायची हौस.

"छाती स्वच्छ आहे," मी म्हणालो. "तुझेच कान तपासून घे एकदा."

मुनीम पुन्हा हसला. हिरूबाईने मान डोलावली, पोर कडेवर घेतली आणि गेली.

दोन हिवाळ्यांनंतर ती परत आली. तोवर माझ्या गळ्यात नवी नळी होती — मुंबईला नाटक बघायला गेलो होतो, तेव्हा आणलेली! सोनीच्या बोटांची टोकं गोल झाली होती, नखं घड्याळाच्या काचेसारखी फुगलेली. नळी टेकवली. दोन्ही अंगांना, वरपासून खालपर्यंत, सुकल्या मिठावरून कुणीतरी चालत होतं.

"तवापासूनच व्हतं ना, दाक्तर?"

या वेळी बाकावर कुणी नव्हतं. हसायला मुनीम नव्हता. एक "हो" पुरे होता — निदान तिचे कान खरे होते, एवढं तरी तिच्या पदरात पडलं असतं. मी काय म्हणालो?

"छे. हे आत्ताच सुरू झालंय."

सोनी पावसाळ्याच्या आत गेली.

त्या दुखण्याला आता सिस्टिक फायब्रोसिस म्हणतात. मुका खारा लागणं ही त्याची अगदी सुरुवातीची खूण, हे मी फार उशिरा वाचलं. तेव्हा नाव नव्हतं, औषध नव्हतं — ही सबब मी कित्येक वर्षं सुपारीसारखी चघळली. पण पोरीला पालथी घालून, पाठ थोपटून बेडका काढायला शिकवता आलं असतं. तेवढं मला येत होतं. दोन वर्षांच्या सगळ्या सकाळी हिरूबाईने ते केलं असतं — तिला मी ओळखून होतो.

पुढच्या साली तिला मुलगा झाला. चार महिन्यांचं बाळ घेऊन ती आली. खोकतो का? न्हाय. मग पाठीला कान लावून पाहिलंस का?

ती ओशाळून हसली. "तुमीच बघा, दाक्तर. माजे कान खोटे."

"नली ठेव" म्हणणारी बाई ती. मी नळी लावली. बाळाची छाती खरोखरच स्वच्छ होती, आणि तसं मी सांगितलं. तिने मान डोलावली, बाळ पदराखाली घेतलं आणि गेली.

सोनीच्या वेळी डोलावली होती, अगदी तशीच.