सत्तेचाळिसावी ओळ

पेणच्या लोकांना पद्मजाताई दिल्लीत नेमकं काय करत होत्या ते कधी धड कळलंच नाही. कुणी म्हणे, मंत्र्यांची भाषणं लिहायच्या. गणपतीच्या कारखान्यासमोरचा दुकानदार तर छातीठोकपणे सांगायचा, की बाई खासदार होता होता राहिल्या. पद्मजाताई हसायच्या आणि पोह्याचे पापड घेऊन घरी यायच्या. खरं सांगायचं तर त्यांचं काम तीन रकान्यांचं होतं. डाव्या रकान्यात युरोपचा कायदा, मधल्यात आपला, आणि उजव्यात शेरा: जुळतं, थोडं जुळतं, जुळत नाही. एकतीस वर्षं बाईंनी हेच केलं.

हसू नका. आपला माल तिकडे विकायचा तर कायदेही तिकडच्यांशी बसवून घ्यावे लागतात. मग ते रंगांचे असोत, औषधांचे असोत, नाहीतर कोळंबीचे. त्यासाठी खासदारांच्या समितीला कुणीतरी दोन्हीकडची कलमं शेजारी शेजारी मांडून द्यावी लागतात. आणि समितीतले लोक हजार पानं वाचत बसतात असं वाटत असेल, तर तुम्ही भोळे आहात. ते उजवा रकाना वाचतात. 'जुळत नाही' दिसलं की चर्चा, 'जुळतं' दिसलं की पान उलटायचं. तो एक शब्द लिहिणारी बाई कधी टीव्हीवर दिसत नाही.

रसायनं हाताळणाऱ्या कामगारांसाठीच्या कायद्याचा तक्ता त्यांनी केला त्याला आता बारा वर्षं झाली. एकशे बारा ओळी होत्या. युरोपहून आलेला एक पिकल्या दाढीचा तज्ज्ञ तो चाळून म्हणाला होता, की इतकं स्वच्छ काम मी कुठे पाहिलं नाही. निवृत्त होऊन पेणला परतताना बाईंनी त्याची बांधीव प्रत बरोबर आणली आणि कपाटात वरच्या खणात ठेवली. लग्न केलेलं नव्हतं, का ते विचारायची कुणाची छाती नव्हती, आणि मिरवायला दुसरं काही नव्हतं.

दर दिवाळीला त्यांच्या दारात हिरामण यायचा. धरमतरच्या खाडीकडच्या गावातला. त्याचा बाप विठू पद्मजाताईंच्या वडिलांची, माधवरावांची खारजमीन कसायचा. पुढे कायद्याने ती जमीन विठूची झाली, पण दोन्ही घरांत वाकडं कधी आलं नाही. दिवाळीला नवे तांदूळ आणि जाड्या मिठाची पिशवी पेणला यायचीच. अठ्ठ्याऐंशी साली हिरामणचं मिठागर बंद पडलं तेव्हा माधवरावांनीच चिठ्ठी देऊन त्याला रोह्याजवळच्या एका रंगाच्या कंपनीत चिकटवलं. तिथे त्याने तेवीस वर्षं काढली. पावडरीची पोती फोडायची, हौदात ओतायची, ढवळायचं.

लहानपणी पद्मजा त्या गावाला गेली होती, बांध बघायला. भरतीचं खारं पाणी शेतात घुसू नये म्हणून गावाने मातीचा लांबच लांब बांध घातलेला, आणि घराघरांत त्याचे तुकडे वाटून दिलेले. ज्याचा तुकडा त्याने राखायचा. खेकड्याने भोक पाडलं आणि पाणी आत आलं, तर माती टाकायला अख्खा गाव धावायचा. पण ज्याच्या तुकड्यात फुटलं त्याने सगळ्यांदेखत उभं राहून सांगायचं, "माझ्या तुकड्यात फुटला." त्याला शिक्षा नसे आणि दंडही नसे. सांगायचं मात्र लागे.

दोन वर्षांपूर्वी हिरामणला लघवीतून रक्त जायला लागलं. मुंबईच्या दवाखान्यात मूत्राशयाचा कर्करोग निघाला, आणि कागदावर कारण लिहून आलं: तंबाखू.

आता गंमत बघा. हिरामणच्या गळ्यात बाविसाव्या वर्षापासून माळ. विडी नाही, तंबाखू नाही, दारूचं तर नाव नको. शेजारी कुणी तंबाखू मळायला घेतली तर हा उठून दुसरीकडे बसायचा. त्यावरून जन्मभर लोकांनी त्याची टिंगल केली, आणि शेवटी कागदाने त्याला हे ऐकवावं? तो कागद घेऊन तो पद्मजाताईंकडे आला. अर्धा झाला होता माणूस.

"मरनाचा काय नाय, ताई," तो म्हणाला. "सगल्यांनाच जायाचा हाय. पन मी गेल्यावर पोरं बोलतील, बा व्यसनानं गेला. तुमी कायद्यातल्या मानूस. येवढा एक कागुद बदलून द्या."

पद्मजाताई स्वतः दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. म्हणाल्या, रंगाच्या कारखान्यातल्या माणसांना हा आजार होतो, वीस-तीस वर्षांनीही होतो. कंपनीत प्रत्येक कामगाराची आरोग्याची नोंदवही असते, कोण काय हाताळत होता ते त्यात लिहिलेलं असतं. ती आणा, मी कारण बदलून देते. पद्मजाताईंना वाटलं, एवढंच ना! नोंदवहीचा नियम तर त्यांनी स्वतः तक्त्यात मांडला होता.

दुसऱ्याच दिवशी त्या हिरामणला रिक्षात घालून रोह्याला घेऊन गेल्या. कंपनीतला अधिकारी अंबरीश नावाचा, तिशीतला, अगदी सौजन्याचा पुतळा. त्याने पंखा त्यांच्याकडे वळवला, चहा मागवला, संगणकात शोधलं.

"हे सुटले दोन हजार अकराला. माणूस काम सोडून गेल्यावर आम्ही वही पाच वर्षं ठेवतो, मॅडम. सोळा साली नष्ट केली."

"असं कसं?" पद्मजाताईंचा आवाज चढला. "आपला नियम युरोपशी जुळवून घेतलाय. तिकडे असं चालत नाही."

"जुळतोच की," अंबरीश म्हणाला. त्याने कपाटातून एक फाइल काढली. "परदेशी गिऱ्हाईक नेहमी विचारतं, म्हणून आम्ही हा संसदेचा तक्ताच काढून ठेवलाय. ही बघा, सत्तेचाळीस नंबरची ओळ. कामगाराच्या आरोग्याची नोंदवही ठेवणे. शेरा: जुळतं."

पद्मजाताईंनी ती ओळ पाहिली आणि चहा तसाच राहिला. परतीच्या वाटेवर नागोठणं येईपर्यंत त्या सत्तेचाळीस, सत्तेचाळीस असं पुटपुटत होत्या. हिरामणच उलट विचारत राहिला, "ताई, बरा नाय वाटत का तुमाला?"

घरी येऊन त्यांनी बांधीव प्रत काढली, जुनी टिपणं काढली, युरोपचा मूळ कायदा काढला. कलमात लिहिलं होतं, नोंदवही ठेवावी. आपल्याकडेही लिहिलं होतं, नोंदवही ठेवावी. म्हणून जुळतं. पण किती वर्षं ठेवावी हे कलमात नव्हतंच. ते मागे परिशिष्टात होतं. तिकडे काम सुटल्यापासून चाळीस वर्षं. आपल्याकडे पाच.

परिशिष्ट त्यांनी उघडलंच नव्हतं. त्यांच्या ऑफिसात रीतच तशी होती. आधी कलमं जुळवायची, परिशिष्टं शेवटी. त्या आठवड्यात समितीची बैठक अचानक चार दिवस अलीकडे आली, आणि शेवट काही आलाच नाही. नंतर बघू म्हणाल्या, आणि नंतर कोण बघतं? एरवी दुसऱ्याच्या स्वल्पविरामावरून भांडणारी बाई, आणि तिने हे करावं! वर त्या तक्त्याचं कौतुक ऐकून घेतलं, इतकी वर्षं तो मिरवला. हिरामणची वही दोन हजार एक्कावन्न सालापर्यंत राहायला हवी होती. पद्मजाताई पलंगाच्या कडेला बसून ढसाढसा रडल्या.

कुणाला सांगितलं नसतं तर कुणाला कळणार होतं? हिरामणला तर मुळीच नाही. पण सकाळी आंघोळ करून त्या वडखळमार्गे थेट त्याच्या गावी गेल्या. हिरामण ओटीवर बाजेवर पडला होता, त्याची बायको काशीबाई सुकट निवडत होती. पद्मजाताई बसल्या नाहीत. उभ्या राहूनच म्हणाल्या,

"हिरामण, माझ्या तुकड्यात फुटला."

मग त्यांनी सगळं सांगितलं, चाळीस वर्षं, पाच वर्षं, न उघडलेलं परिशिष्ट. काशीबाईचे हात थांबले. हिरामण कोपरावर रेटून अर्धा उठला.

"म्हंजे वही होती?" त्याने विचारलं.

"होती."

"त्यात लिवला होता, हिरामण काय उचलतो, काय ओततो?"

"लिहिलेलं होतं रे."

"लिवलेला होता," तो स्वतःशीच म्हणाला, आणि त्याने डोळे मिटले.

काशीबाई उठली आणि सूप घेऊन आत गेली. त्या घरात पद्मजाताई इतक्या वर्षांत चहाशिवाय कधी परतल्या नव्हत्या. त्या दिवशी परतल्या. वाईट वाटलं, पण बरोबरच आहे असंही वाटलं.

त्यांनी समितीला पत्र लिहिलं. तक्त्यातल्या सत्तेचाळिसाव्या ओळीचा शेरा चुकीचा आहे, तो मी लिहिला आहे, चूक माझी आहे, ओळ पुन्हा उघडावी. खाली पूर्ण नाव, सही, पेणचा पत्ता. जुन्या सहकाऱ्याने फोनवर समजावलं, कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय, कायदा होऊन किती वर्षं झाली. दोन महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं: आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे. नोंद! पद्मजाताईंनी तो कागद फाडायला घेतला आणि मग फाइलला लावला, सवयच ना.

हिरामण पौषात गेला. कागदावर कारण तेच राहिलं, तंबाखू. दहाव्याला नदीवर जमलेल्यांपैकी कुणीतरी हळूच म्हणालंच, "माळ होती गल्यात, पन आतून काय करत होता, कुनाला ठाव." पद्मजाताईंनी ते ऐकलं. काशीबाईनेही ऐकलं.

त्यानंतर महिनाभराने काशीबाई एकटी पेणला आली. हातात तांदळाची आणि मिठाची पिशवी. दिवाळीला आणायची राहिली होती ती. स्वयंपाकघरात फरशीवर मांडी घालून बसली आणि म्हणाली,

"लिवाला घ्या."

"काय लिहू?"

"वही. कंपनीनं जालली ना? मना ठाव हाय सगला. तेवीस वर्सं त्याचं कपडं मीच धुतलं. पयली सा वर्सं पानी पिवला निघायचा. आमचा परविन झाला त्या सालापासून तांबडा. मंग निला, तो तं दगडावरून जायाचाच नाय. मना विचारा, कुठल्या साली काय होता."

पद्मजाताईंना खोटी आशा दाखवायची नव्हती. "काशीबाई, दवाखाना हे मानणार नाही गो. कंपनी नाही, सरकार नाही. धुण्याच्या पाण्यावर कुणी कागद बदलत नाही."

"नको मानू दे," काशीबाई म्हणाली. "परविनच्या पोरांनी वाचला पायजे."

पद्मजाताईंनी मोठा कागद घेतला. हात सवयीने चालला आणि तीन रकाने पडले. डाव्या रकान्यात त्यांनी लिहिलं, काशीबाईने सांगितलेलं. मधल्यात, दवाखान्याचा कागद. उजव्यात, शेरा. मग काशीबाई साल सांगत गेली, आणि त्या लिहीत गेल्या. कुठलं साल कुठल्या सणावरून, कुठलं पोराच्या गोवरावरून, कुठलं बांध फुटला त्यावरून. अठ्ठ्याऐंशी, पिवळं. एकोणनव्वद, पिवळं. या वेळी त्यांनी काहीही नंतरसाठी ठेवलं नाही. एकेका सालाला दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा वाचून दाखवलं. मधल्या रकान्यात प्रत्येक ओळीला एकच शब्द आला, तंबाखू.

ऊन ओट्यावरून खाली उतरलं तेव्हा तेवीस ओळी झाल्या होत्या. काशीबाईला वाचता येत नव्हतं. तिने शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. "हितं काय लिवलाव?"

"जुळत नाही."

"सगल्यांम्होरं?"

"सगळ्यांपुढे. तेवीसच्या तेवीस."

पद्मजाताईंनी खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं आणि सही केली. काशीबाईने कागद पदराने पुसला, चार घड्या केल्या आणि पोलक्यात ठेवला.

"आता चाय ठेवा, ताई," ती म्हणाली.

पद्मजाताई उठल्या. त्यांनी भांड्यात दोन कप पाणी घेतलं, पण डोळे इतके भरून आले होते, की गॅस पेटवायला काशीबाईलाच उठावं लागलं.