अर्धी मिशी

परवा दाराला रंग देताना टर्पेंटाइनचा वास आला आणि मी थेट चामराजपेटेतल्या आमच्या बैठकीच्या खोलीत पोहोचले. साठच्या दशकातली गोष्ट. थोरल्या अक्काला बघायला बेळगावहून पाहुणे यायचे होते. पिढ्यान्पिढ्या बंगळुरात राहून आम्ही मराठी उरलोय का, अशी त्यांना शंका होती. म्हणून आमच्या वडिलांनी, अण्णांनी, खापरपणजोबांची जुनी तसबीर पुसायला सांगितली. लाल पगडी, जरीचा अंगरखा आणि झुपकेदार मिशी!

अक्काने टर्पेंटाइनचा बोळा फिरवला आणि अर्धी मिशी बोळ्यावर आली. खाली गुळगुळीत ओठ! मिशी मागाहून कुणीतरी रंगवली होती. तेवढ्यात दारात जटकागाडी थांबली.

मुलाचे वडील तसबिरीपुढे उभे राहिले. "पगडी आपलीच. पण मिशी अर्धीच कशी?"

अण्णांचा चेहरा उतरला. अक्का मात्र सरळ म्हणाली, "त्यांना मिशी नव्हतीच. रुबाबदार मराठे दिसावेत म्हणून कुणीतरी रंगवलीय."

मग मुलगाच खो खो हसत सुटला. "मलाही बाबांनी मुलगी बघायला जायचं म्हणून वाढवायला लावलीय. काढू का?"

"सरी, काढा," अक्का म्हणाली. 'बरं'च्या जागी कानडी 'सरी' निसटलंच!

स्थळ गेलं, असं वाटून मला तेव्हा रडू फुटलं होतं. आज त्याच रडण्याचं हसू येतं. कारण पुढं अक्काचे सासरे मिशीला पीळ देत सगळ्यांना सांगायचे, "आमचा होकार उप्पीट खायच्या आधीच झाला होता!"