पानिपतचा खरा ठोसा

दिल्लीहून पानिपत म्हणजे एका दिवसात जाऊन येण्यासारखं गाव, असं मी सगळ्यांना सांगत असते. जाच, फक्त माझ्या दादाबरोबर जाऊ नका.

आधी दादाविषयी सांगते. माझा सख्खा मोठा भाऊ, साताऱ्याकडचा, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला आणि फौजेच्या टीमचा बॉक्सर. आता वहिनीसोबत पालमला भाड्यानं राहतो. तुम्ही ती बॉक्सिंगची फिल्म सिरीज पाहिली असेलच. नाव लिहीत नाही, नसती वकिलाची नोटीस घरी यायची. पोस्टरवर लिहिलेलं असतं, ‘हर फिल्म में एक मुक्का असली’, आणि त्या एका ओळीवर तिकिटं खपतात, हीरोच्या नावाचे बूट खपतात, गुरुग्रामच्या मॉलमध्ये ग्लोव्हज खपतात. त्या ओळीमागची गोष्ट अशी की पहिल्या भागाच्या वेळी हीरोला शिकवायला दादा होता. शूटिंगमध्ये कॅमेऱ्याकडे पाठ करून समोर दादालाच उभं केलं होतं. हीरोचा अंदाज चुकला, ठोसा खरोखर लागला, दादाचा ओठ फाटला आणि गडी जागचा हलला नाही. तो शॉट तसाच ठेवला, आणि त्या चुकीची जाहिरात झाली. दादाला काय मिळालं? एक पाकीट आणि एक ट्रॅकसूट. तीन भाग झाले, पडद्यावर चहा देणाऱ्याचंसुद्धा नाव येतं, पण दादाचं कधी आलं नाही.

आता चौथा भाग, शूटिंग पानिपतला. त्यांचा फोन आला की म्हाताऱ्या कोचचा रोल करा, एक असली ठोसा खा, या वेळी नाव येईल. दादा हरखून गेला, लगेच मला फोन लावला. मी मात्र फोनवरच गार पडले, कारण दादाच्या डाव्या डोळ्याचा पडदा सैल झालाय. हॉस्पिटलात मीच घेऊन गेले होते. डॉक्टर म्हणाले होते, डोक्याला मार बसला तर डोळा गेलाच समजा. त्या बाजूचं तसंही त्याला फारसं दिसत नाही. वहिनीला सांगायचं नाही, अशी शपथ त्यानं मला घातली होती.

‘‘नाही जायचं,’’ मी म्हटलं.

‘‘मग बसनं जातो,’’ दादा म्हणाला. झालं! ऑफिसला सुट्टी टाकली आणि गाडी काढली. वाटेत कुठंतरी मन वळवीन असं वाटलं होतं.

माझ्या घरून, लक्ष्मीबाई नगरहून अंधारातच निघाले. जानेवारीत जाणार असाल तर धुक्याचा वेळ हाताशी ठेवा, पुढच्या गाडीचे लाल दिवे तेवढे दिसतात. पालमला वहिनीनं चहा दिला. दादाच्या डाव्या हाताशी ठेवलेला कप तिनं उचलून उजवीकडे ठेवला आणि म्हणाली, ‘‘पानिपतला निघालाय भाऊबहीण. मराठी माणसानं तिकडं जाताना दोनदा विचार करावा म्हणतात.’’ दादा मोठ्यानं हसला. मी अर्धा चहा तसाच ठेवून गाडीची किल्ली उचलली.

गुरुग्रामला फिल्मवाल्यांचं ऑफिस आहे, उंच काचेची बिल्डिंग. खाली फोटो काढून पास देतात, वर कॉफी फुकट. तिथल्या मॅडमनं रोल समजावला आणि सहज विचारलं, ‘‘सर, आप मेडिकली फिट हैं ना?’’

‘‘एकदम फिट,’’ दादा ताठ बसून म्हणाला. फौजी माणूस, ‘फिट’ शब्द ऐकला की पाठीचा कणा आपोआप सरळ होतो. मी टेबलाखालून त्याच्या बुटावर बूट दाबला. त्यानं पाय काढून घेतला.

तिथून दिल्लीत परत न शिरता मानेसरहून एक्सप्रेसवे धरा, तो थेट कुंडलीला सोडतो. टोल बराच लागतो, पण ट्रॅफिकची कटकट वाचते. पुढं मुरथल. पराठ्यांचे ढाबे ओळीनं आहेत, एका पराठ्यात माणूस गार होतो आणि वर लोण्याचा गोळा. मी एक मागवला. दादानं फक्त काळा चहा घेतला. बाउटच्या, म्हणजे लढतीच्या आधी पोट रिकामं ठेवायचं, हा त्याचा नेम.

‘‘दादा, बाउट नाही ती. नाटक आहे.’’

‘‘तुझ्यासाठी असंल.’’

‘‘डोळा गेला तर?’’

‘‘अगं, एक ऱ्हाईल की,’’ तो म्हणाला. मग चहाचा कप बाजूला सारून, ‘‘गावात सगळ्यांना सांगितलंय मी, पिक्चरमधला पहिला ठोसा माझा म्हणून. लोक तोंडावर हसत्यात. म्हणत्यात, नाव दाव. काय दावू?’’

मला राग आला आणि त्याच रागात रडूही आलं. उरलेला पराठा तसाच टाकून उठले.

पानिपतला शहराबाहेर एक बंद पडलेली हातमागाची मिल आहे. आत रिंग उभारलेली, वर भगभगीत दिवे, कोपऱ्यात जुन्या घोंगड्यांचा वास. दादानं कॅनव्हासला हात लावून कपाळाला लावला आणि दोरांमधून आत गेला. केस पांढरे करायची गरजच नव्हती. हीरो आला, दादाच्या पाया पडला. माणूस वाईट नाही, खरं सांगते. दादाला तो अजूनही सर म्हणतो.

पहिला शॉट. हीरोनं ठोसा टाकला आणि दादा खाली वाकला. हात हवेतून गेला.

‘‘सर, खाना है, बचना नहीं,’’ डायरेक्टर म्हणाला.

दुसरा शॉट. दादा पुन्हा वाकला. ठोसा टाकण्याआधी हीरोचा बूट कॅनव्हासवर चर्रकन वाजतो, तो आवाज ऐकला की दादाचं शरीर आपोआप बाजूला होतं. उभा जन्म ठोसा चुकवायला शिकलेला माणूस, त्याला उभं राहून खा म्हटलं तरी जमतंय होय? वर हीरोची हनुवटी उघडी दिसली म्हणून त्यालाच म्हणतो, ‘‘हाथ ऊपर रखो, ठोड़ी खुली है तुम्हारी!’’ सगळे हसले. मीही हसले. म्हटलं, बरं झालं, हे काही व्हायचं नाही, कंटाळून सोडून देतील.

पण डायरेक्टर हुशार निघाला. त्यानं हीरोचे बूट काढायला लावले. मग कॅमेरा फिरवला आणि म्हणाला, ‘‘अब उस तरफ़ से आओ, सर के लेफ्ट से।’’

मी खुर्चीतून उठले. दादानं एकदा माझ्याकडे पाहिलं. त्याला समजलं होतं. मला वाटलं, आता तरी बोलेल. त्यानं दात आवळले आणि ग्लोव्हज वर घेतले, छातीपाशीच, चेहरा उघडा ठेवून. हीरो अनवाणी पुढं सरकला. आवाज नाही. खांदा मागं गेला.

‘‘थांबा! डावीकडचं दिसत नाही त्याला!’’ मी ओरडले. मराठीत.

हीरोचा हात अर्ध्यात थांबला. अख्खा सेट माझ्याकडे बघायला लागला, आणि मी काय म्हणाले ते एकालाही कळलं नव्हतं. एक दादा सोडून.

‘‘क्या हुआ, मैडम?’’

‘‘कुछ नहीं,’’ दादाच म्हणाला, अगदी शांतपणे. ‘‘बहन है, घबरा गई। शॉट लो।’’

मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, ‘‘बस खाली. माझ्या गळ्याची आण आहे तुला.’’

पहिल्यांदा मी घाबरून ओरडले होते. दुसऱ्यांदा ठरवून बोलले. डायरेक्टरसमोर जाऊन हिंदीत सांगितलं, डॉक्टरचं सगळं. सांगताना दादाकडे बघायची हिंमत झाली नाही.

हीरोनं दातांनी दोरी ओढून ग्लोव्ह काढला, दादाच्या डाव्या बाजूला हात धरला आणि विचारलं, ‘‘सर, कितनी उँगलियाँ?’’

दादा समोर बघत उभा राहिला.

‘‘मैं नहीं मारूँगा,’’ हीरो म्हणाला. ‘‘दूसरे-तीसरे पार्ट में भी कहाँ किसी ने असली खाया था? सब झूठ चलता है, यह भी चल जाएगा।’’

मी आ वासून बघत राहिले. म्हणजे अख्ख्या सिरीजमध्ये खरा ठोसा एकच, दादाचा! डायरेक्टरला त्याचं काही नव्हतं. त्यानं पांढरा विग घालून दुसरा माणूस उभा करायला सांगितलं. मी नावाचं विचारलं, तर म्हणाला, ‘‘जो रोल करेगा, नाम उसका।’’

परतीचा रस्ता तोच. पानिपतचं पचरंगी लोणचं मिळतं, जरूर घ्या, मी घेतलं नाही. मुरथलला विचारलं, ‘‘पराठा खातोस?’’ त्यानं मान वळवली. दुपार असूनही धुकं पुरतं उठलं नव्हतं. मला सारखं वाटत होतं, डोळा वाचवला पण भाऊ गमावला.

पालमला वहिनीनं दार उघडलं. काही न विचारता दोन्ही हातांनी त्याचा चेहरा धरला आणि डावी बाजू उजेडाकडे वळवून बघितली. मग भिंतीला टेकून खालीच बसली.

‘‘लागलं नाही,’’ ती म्हणाली. ‘‘देव पावला.’’

‘‘तुला ठाऊक होतं?’’ दादाचा आवाज चिरकला.

‘‘अहो, डावीकडं ठेवलेला कप दर वेळी सांडता तुम्ही. आता उजवीकडं ठेवते. न कळायला मी काय पाहुणी आहे?’’ तिनं डोळे पुसले. ‘‘म्हटलं, आपण होऊन सांगाल. सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नाही मी.’’

दादा तिच्याशेजारी जमिनीवर बसला. मग पानिपत सोडल्यापासून पहिल्यांदा त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी बूट घालत होते.

‘‘आण मोडलीस,’’ तो म्हणाला.

‘‘मोडली.’’

‘‘तू ते फिरल्याचं काय काय लिहितीस ना कॉम्प्युटरवर? लोक वाचत्यात?’’

‘‘थोडे वाचतात.’’

‘‘मग त्यात घाल की माझं नाव. पुरं घाल. हुद्द्यासकट.’’

चौथा भाग लागला की तुम्ही बघालच. शेवटी पाट्या सुरू झाल्या की लगेच उठू नका, तिथं जी पाटी नसेल ती इथं वाचा:

हीरोचे प्रशिक्षक, आणि संपूर्ण सिरीजमधला एकमेव खरा ठोसा खाणारे – सुभेदार बापू रामचंद्र शेलार, निवृत्त.