डाव्या तळहातावरचा चुना

मी नांदेडच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. फोनवर घरच्यांनाही शिकवते. ही दुसरी सवय वाईट, हे मला अप्पांच्या डाव्या हातामुळे कळलं.

अप्पा म्हणजे माझे वडील. अहमदपुरात त्यांचं किराणा दुकान आहे आणि आई गेल्यापासून ते एकटेच राहतात. रोज सकाळी गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, मगच तोंडात घास घालायचा, हा त्यांचा नेम. लग्नकार्य असो की ताप, नेम चुकला नाही.

परसातलं तुरीच्या वाळक्या तुराट्यांचं कुंपण नीट करताना त्याच तळहातात एक बारीक काडी घुसली. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला.

"माय, हात जरा सुजलाय. शेजारचे चुना-गुळाचा लेप लावा म्हणून राहिले. लावू का?"

एरवी असल्या इलाजांवर मी तुटून पडते. पण नेमकी त्याच आठवड्यात मी वर्गात सूज शिकवत होते. सुजलेल्या जागी पांढऱ्या पेशींची गर्दी होते, त्या साखर जाळतात, ऑक्सिजन पुरत नाही आणि तिथं आम्ल साठतं. आम्लावर उतारा चुना, हे तर शाळेतलं पोरही सांगेल. मी उत्साहानं म्हणाले, "लावा अप्पा, त्यामागं शास्त्र आहे." अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले होते. आज आठवलं तरी माझाच मला राग येतो.

माझ्या शब्दावर त्यांनी चार दिवस लेप लावला. पाचव्या दिवशी फोनवर "बरं हाय" म्हणाले, पण आवाज थरथरत होता. मी लोह्यामार्गे अहमदपूरला जाणारी एसटी पकडली. घरी पोचले तर तळहात भाकरीसारखा फुगलेला, वरची कातडी चुन्यानं भाजलेली. मूठ पुरती उघडत नव्हती, म्हणून दोन दिवस पूजा नव्हती. पूजा नव्हती, म्हणून पोटात नुसतं पाणी.

मी त्यांना तसंच नांदेडला घेऊन आले. डॉक्टरीणबाईंनी हात पाहिला आणि म्हणाल्या, आजच चिरून पू काढावा लागेल, उशीर झाला तर पंजाचं सांगता येणार नाही. भूल मनगटापाशी देणार होत्या. "पुवाच्या जागी आम्ल असतं, तिथं भुलीचं औषध नीट धरत नाही," त्यांनी समजावलं. मी मान हलवली. हेही मला ठाऊक होतंच.

"चुना लावायला कुणी सांगितलं?" बाईंनी विचारलं.

"कुनी न्हाई," अप्पा म्हणाले. "मीच येडा."

मी संमतीचा कागद पुढं ओढून सही केली. 

अप्पा आत असताना बाकावर बसून विचार करायला भरपूर वेळ मिळाला. वरून लावलेला चुना आत पोचतच नाही. आणि पोचला असता तरी ते आम्ल मारायचं कशाला? तो आंबटपणा म्हणजे नुसती नासाडी नव्हे. त्यात काही पेशी चेतवल्या जातात, काही सुस्तावतात. शरीर आपल्या परीनं झगडा चालवत असतं. काडी आत होती, पू आत होता. ते बाहेर काढायचं सोडून मी आंबट-तुरटाचा हिशोब मांडत बसले.

पंजा वाचला. पण दोन बोटं सरळ होत नाहीत आणि तळहात पुरता पसरत नाही. त्यावर इष्टलिंग कलतं. म्हणून सुट्टीत मी अहमदपूरला असले की पूजेच्या वेळी त्यांच्या हाताखाली माझा हात धरते. त्यांच्या इष्टलिंगाला मी हात लावायचा नसतो, पण हाताखाली हात चालतो, असं अप्पांनीच ठरवलं.

गेल्या सोमवारी पूजा चालू असतानाच उदगीरची आत्या आली. तो वाकडा तळहात तिनं पहिल्यांदाच पाहिला.

"दादा, चुना लावायचं खूळ तुमच्या डोक्यात घातलं तरी कुनी?"

अप्पांनी तेच जुनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. त्यांच्या आधी मी म्हणाले, "मी."

आत्या माझ्याकडे बघतच राहिली. अप्पांनी डोळे मिटून घेतले.

"पूजेत बोलू न्हाई, माय," ते म्हणाले. "आन् हात हलवू नको."