भेगा दाखवल्या, भेगा बुजवल्या

स्वतःच्याच गाढवपणाचं काय कौतुक सांगू तुम्हाला? चहा संपेपर्यंत ऐका, हसू आलं तर हसा. मला अजून येत नाही.

चंद्रपूर जिल्ह्यात, कोळशाच्या खाणीपासून जवळच माझं गाव. तिथे मी कर्ज काढून घर बांधायला घेतलं. बँक पैसे टप्प्याटप्प्यानं देते. दारं-खिडक्यांचा शेवटचा टप्पा तेवढा राहिला होता आणि तो बँकेचा इंजिनिअर घर पाहून गेल्यावर मिळणार होता. तोवर माय, बायको सुनंदा आणि मी बाजूच्या टिनाच्या खोलीत. मायचा दमा थंडीत फार वाढतो. दिवाळीआधी तिला पक्क्या घरात न्यायचं, एवढीच माझी धडपड.

ठेकेदारानं स्टॅम्पपेपरवर दहा वर्षांची गॅरंटी दिली होती. कॉलम, बीम, स्लॅबला काही झालं तर तो दुरुस्त करून देणार. अट एकच, घरमालकानं स्वतः तोडफोड करायची नाही. ती वाचून मी हसलो होतो. आपलं नवं घर आपणच कोण तोडतो हो?

आता खाणीत सुरुंग उडाला की आमच्याकडे भांडी वाजतात, भिंतींना भेगा पडतात. त्या पाहायला खाणीचे साहेब येणार, भरपाई मिळणार, ही बातमी शेजारच्या रामदासभाऊंनी आणली. वर सल्लाही दिला, "भेग मोठी दिसली पायजे. बारक्या भेगेले कोनी इचारत नाई."

माझ्या घराला दोनच भेगा, त्याही केसाएवढ्या. मला लाजच वाटली! पेचकस घेतला आणि दुपारभर बसून त्या वाढवल्या. कॉलमवरची तर इतकी छान जमली की आतली सळाख दिसू लागली. भेग जुनी वाटावी म्हणून वर चुलीतली राख चोळली.

दुसऱ्या दिवशी पिवळी टोपी घातलेला, हातात टेप घेतलेला साहेब दारात. दारात म्हणजे, दार जिथे बसणार होतं तिथे. सुनंदा हळूच म्हणाली, "कोनाकडून आले ते इचारून तर घ्या." मी तिला गप्प केलं. टोपी दिसत नाही का?

मी साहेबाला हात धरून भेगा दाखवल्या. मायला पढवून ठेवलंच होतं. तिनं तर कमाल केली.

"रातभर घर हालते सायेब, मले झोप नाई."

त्या घरात ती एक रात्रही झोपली नव्हती! साहेबाचा चेहरा उतरला. मला वाटलं, माणूस दयाळू आहे. जाताना तो म्हणाला, "भाऊ, अशा घरावर बँक पुढचे पैसे कसे देईल?"

बँक! म्हणजे हा खाणीचा नव्हेच, बँकेचा इंजिनिअर!

मग ठेकेदाराला बोलावलं. गॅरंटी होती ना! त्यानं भेगेतून बोट फिरवलं, राख हुंगली आणि म्हणाला, "हे सुरुंगाचं काम नाई भाऊ, पेचकसाचं हाय. गॅरंटी संपली."

काय करता? सिमेंट आणलं, पुट्टी आणली, दोन्ही भेगा बुजवून भिंती गुळगुळीत केल्या. बँकेत जाऊन हातापाया पडलो. या आठवड्यात माणूस पाठवतो, असं मॅनेजर म्हणाले.

आणि आला की! तशीच टोपी, तसाच टेप. सुनंदा कापूस वेचायला गेलेली, म्हणजे अडवायलाही कोणी नाही. मी त्याला भिंतीवरून हात फिरवायला लावला. एक भेग शोधून दाखवा म्हणालो. माय मागून म्हणाली, झोप तर अशी लागते की विचारू नका. त्यानं 'भेगा नाहीत' असं लिहून माझी सही घेतली.

"बरं झालं," तो म्हणाला, "बाकी गावात सारे भेगाच दाखवून राह्यले. खाणीले असा इमानदार माणूस पहिल्यांदाच भेटला."

बँकेचा माणूस अजून आलेला नाही. दिवाळी होऊन गेली. रात्री माय खोकते, आणि मी टिनाकडे पाहत पडून राहतो.

परवा रस्त्यानं पुन्हा एक टोपीवाला येताना दिसला. सुनंदानं मला नव्या घराकडे ढकललं.

"तुमी आत जा अन् दार लावून घ्या."

मी मुकाट्यानं आत गेलो. लावायला दारच नव्हतं, म्हणून भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.