चोरी नव्हे, गहाळ

आमच्या कॉलनीत काय काय चोरीला जातं याची यादी मी ठेवते, कारण ज्यांनी ती ठेवायची ते ठेवत नाहीत. सोसायटीची सचिव झाले त्याच महिन्यात सुरुवात केली. दोनशे पानी वही, चार रकाने. वस्तू, जागा, वार-वेळ आणि पोलिसांनी काय केलं. पहिले तीन रकाने भरायला कधीच अडचण आली नाही. चौथ्यात मी सुरुवातीला पूर्ण वाक्यं लिहायचे, मग 'अर्ज घेतला' एवढंच लिहायला लागले आणि शेवटी नुसता 'अ'. पाण्याची मोटर, अ. बागेतल्या नळाच्या पितळी तोट्या, अ. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांच्या गाडीची बॅटरी, अ. गटाराच्या लोखंडी झाकणाला तर 'अ'सुद्धा मिळाला नाही. "ती महापालिकेची वस्तू आहे, महापालिकेला सांगा," असं ठाण्यातून सांगण्यात आलं.

अर्ज आणि गुन्हा यातला फरक मला पन्नाशीला आल्यावर कळला, याची लाज वाटते. गुन्हा नोंदवला की त्याला नंबर पडतो, तपास करावा लागतो आणि महिन्याच्या तक्त्यात तो मोजला जातो. अर्ज फायलीत जातो आणि फाईल कपाटात. तक्त्यात काहीच जात नाही. त्यामुळे अर्ज जितके जास्त तितकं शहर सुरक्षित.

अर्जाच्याही खाली एक पायरी आहे हे मला फुलवाल्या ताईंमुळे समजलं.

या ताई मखमलाबादकडून रोज सकाळी आमच्या कॉलनीत फुलं घेऊन यायच्या. थोडी जमीन, त्यात झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. नवरा शेत बघायचा आणि स्कूटरवरून विक्री ताईंकडे. आधी फुलबाजार, मग आमच्यासारख्या तीन-चार कॉलन्या. एके सकाळी त्या चालत आल्या, रिकाम्या हातांनी, आणि माझ्या फाटकाशी उभ्या राहिल्या.

"मॅडम, गाडी नेली ना माझी कोणीतरी. फुलबाजारातून. क्रेट उतरवून आले तर जागा रिकामी."

मी त्यांना चहा दिला, वहीत नोंद केली आणि त्यांच्याबरोबर ठाण्यात गेले. समोर एक हवालदार होते, चष्मा कपाळावर, बोलणं अगदी गोड.

"मावशी, चावी गाडीलाच होती का?"

"नाय. ही काय चावी."

"हँडल लॉक?"

"केलेलं होतं."

"मग तुम्हीच दुसरीकडं लावली असंल. बाजारात गर्दी असते, माणूस विसरतं."

"सतरा वर्षं त्याच भिंतीला गाडी लावते मी," ताई म्हणाल्या. "भिंतपण विसरली का?"

हवालदार हसले. त्यांना विनोद आवडला, पण त्यांनी ड्रॉवरमधून काढला तो फिर्यादीचा कागद नव्हता. गहाळ नोंदीचा छापील फॉर्म होता. आधारकार्ड पडलं, सिमकार्ड हरवलं, मार्कशीट सापडत नाही, यासाठी असतो तो. त्यात त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं, 'दुचाकी वाहन, फुलबाजार परिसरात गहाळ'. शंभर किलोची वस्तू, कुलूप लावलेली, पिशवीतून पडल्यासारखी गहाळ झाली.

मी म्हणाले, "अहो, ही चोरी आहे."

"मॅडम, आधी गहाळ करून ठेवू. चार-आठ दिवसात सापडली तर प्रश्नच मिटला. नाही सापडली तर आहोतच आपण. उगाच कोर्टाच्या चकरा कशाला मारायला लावता मावशींना?"

ताईंनी माझ्याकडे बघितलं. इथे मला लिहायला आवडत नाही, पण यादी ठेवणाऱ्याने आपली नोंद वगळायची नसते. मी म्हणाले, "घ्या ताई. काहीतरी शिक्का असलेला कागद हातात असलेला बरा."

सल्ला माझा होता. मी त्या दिवशी वहीत 'अ' ऐवजी 'ग' लिहिलं आणि नवा प्रकार सापडल्याचं मला जरासं समाधानही वाटलं.

आठ दिवसांनी ताई ठाण्यात गेल्या तर हवालदार रजेवर होते. पंधरा दिवसांनी बंदोबस्तावर होते. तिसऱ्यांदा भेटले आणि म्हणाले, "येईल मावशी, गाडी कुठं जातीय?" ताई नंतर एका नातेवाइकाच्या टेम्पोत क्रेट टाकून बाजारात यायला लागल्या. कॉलनीत फुलं घेऊन यायच्या त्या डोक्यावर पाटी घेऊन.

मधल्या काळात नागरिक संवाद नावाचा एक कार्यक्रम झाला. सभागृह थंडगार, समोर पडदा, पडद्यावर आलेखाचे निळे खांब डावीकडून उजवीकडे उतरत गेलेले. वरिष्ठ साहेबांनी एक लाल काडी फिरवत सांगितलं की वाहनचोरी घटली आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी आमच्याच कॉलनीतले एक निवृत्त प्राध्यापक बसले होते. त्यांची पाण्याची मोटर दोनदा गेलेली, दोन्ही वेळा 'अ'. तेही टाळ्या वाजवत होते.

"तुमच्या मोटरसाठी वाजवताय का?" मी विचारलं.

"अहो, असं काय करता? माणसं मेहनत घेतायत," ते म्हणाले आणि समोशाची बशी पुढे सरकवली.

मी उठून विचारलं, "एक स्कूटर फुलबाजारातून गेली. ती या शेवटच्या खांबात धरली आहे का?"

"मॅडम, वैयक्तिक प्रकरणं कार्यक्रमानंतर. प्रश्न कृपया सर्वसमावेशक ठेवा."

"ठीक आहे. गहाळ झालेल्या गाड्यांचा खांब कुठला?"

पडदा बदलला. पुढच्या चित्रात हेल्मेट घातलेलं एक हसरं कुटुंब होतं. ज्या माणसांना स्वतःच्या खांबात काय धरलं नाही हे पक्कं माहीत असतं, ती माणसं पुढचं चित्र फार चटकन लावतात.

स्कूटर गहाळ होऊन सात आठवडे झाले होते तेव्हा एके दिवशी ताई आल्याच नाहीत. दहाच्या सुमाराला फोन आला. "मॅडम, मालकाला घेऊन गेले. सकाळी पोलीस आले घरी, सगळ्या गल्लीसमोर. चेन चोरली म्हणतात यांनी."

कॉलेज रोडच्या बाजूला कुणा बाईंच्या गळ्यातली चेन स्कूटरवरून आलेल्या दोघांनी ओढली होती. चौकातल्या कॅमेऱ्यात स्कूटरचा नंबर आला. नंबरवरून मालकाचं नाव निघालं, ताईंचा नवरा. ही स्कूटर चोरीला गेली आहे का, हे पोलिसांनी स्वतःच्या दप्तरात पाहिलं. दप्तरात अशी कुठलीही चोरी झालेली नव्हती. मग स्कूटर मालकाकडेच असणार. हिशेब सरळ होता. आपणच खोटी लिहिलेली नोंद त्यांनी अगदी प्रामाणिकपणे खरी मानली होती.

मी पोचले तेव्हा ताईंचे यजमान बाकावर बसले होते. पंचावन्नच्या आसपासचे, गुडघेदुखीने वाकलेले, पायात शेतातल्या चपला. हा माणूस धावत्या स्कूटरवरून कुणाची चेन ओढेल हे मानायला वेगळंच प्रशिक्षण लागतं. त्यांना साखरेचा त्रास होता आणि सकाळपासून पोटात फक्त चहा होता.

हवालदार तेच. मला बघून चष्मा कपाळावरून डोळ्यावर आला.

ताईंनी पिशवीतून गहाळचा दाखला काढला. तो चक्क लॅमिनेट केलेला होता. शिक्का असलेला कागद घरात आला की तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडून त्याला प्लास्टिक चढवायचं, हा त्यांच्या घरचा नेम. सातबारा, रेशनकार्ड, मुलीचं दहावीचं प्रमाणपत्र, सगळं प्लास्टिकमध्ये. हवालदारांनी दाखला घेतला, पेन उघडलं आणि तारखेखालच्या मोकळ्या जागेत लिहायला लागले. पेन सरकलं. शाई बसेना. त्यांनी दुसरं पेन घेतलं.

"काय लिहिताय?" मी विचारलं.

"काही नाही, 'अर्जदाराच्या विनंतीवरून' एवढं राहिलं होतं."

"मी कधी विनंती केली हो?" ताई म्हणाल्या आणि त्यांच्या हातातून दाखला काढून पदराने पुसला.

प्रभारी साहेबांनी आम्हाला आत बोलावलं. त्यांना वरून फोन येऊन गेलेला दिसत होता. स्वर समजूतदार होता.

"हे बघा, तुमचे मिस्टर तसे वाटत नाहीत आम्हाला. आत्ता लगेच स्कूटर चोरीचा गुन्हा दाखल करून टाकू. विषय संपेल. हवालदार, घ्या फिर्याद."

सात आठवडे जे होत नव्हतं ते वीस मिनिटांत टाईप होऊन आलं. मी वाचायला मागितलं. फिर्यादीच्या कागदात एक रकाना असतो, तक्रार देण्यास उशीर का झाला याचा. त्यात लिहिलं होतं, 'फिर्यादी स्वतः वाहनाचा शोध घेत असल्याने'. मी ते मोठ्याने वाचलं.

"मी शोध घेत होते?" ताई म्हणाल्या. "शोध घ्यायचं काम माझं हाय का, साहेब? मी दुसऱ्या दिवशी नाय, त्याच दिवशी आले हुते. हे बसले हुते इथंच, चष्मा वर करून."

"मावशी, ती फॉर्मॅलिटी असते. सगळे असंच लिहितात. सही करा, मिस्टरांना घेऊन जा. आणि तो जुना दाखला इथं जमा करा, आता त्याचा काही उपयोग नाही."

ताई उठल्या आणि बाहेर जाऊन नवऱ्याच्या शेजारी बसल्या. सही केली नाही.

एक वाजला. दोन वाजले. मी समोरून केळी आणि पाण्याची बाटली आणून दिली. यजमान केळं सोलता सोलता म्हणाले, "कर ना सही. काय फरक पडतो? घरी जाऊ."

"तुम्ही गप बसा."

"लय झालं आता. माणसं बघून चाललीत."

"सकाळी नाय बघितली का? तुम्हाला गाडीत घालताना?"

आत-बाहेर ये-जा चालू होती. हवालदार दोनदा येऊन, "मावशी, विचार झाला का?" असं विचारून गेले, दुसऱ्या वेळी चहा घेऊन. मी घड्याळ बघत होते, यजमानांच्या कपाळावरचा घाम बघत होते. तीनच्या सुमाराला मी खाली वाकून ताईंना म्हणाले, "ताई, करून टाका सही. त्यांची तब्येत बघा. नंतर आपण वर तक्रार करू."

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मॅडम, एकदा तुमचं ऐकून कागद घेतला ना."

मी केळ्याची सालं उचलून डब्यात टाकली.

मग त्या जरा वेळाने, मला नव्हे, समोरच्या भिंतीला म्हणाल्या, "चहा का देतात ते? मघाशी यांना पाणी मागितलं तर नळ दाखवला. आता चहा. त्यांना माझी सही पाहिजे, म्हणून."

बरोबर होतं. इतकी वर्षं रकाने भरून मला जे दिसलं नव्हतं ते त्यांना एका कपावरून दिसलं. चेनचं प्रकरण वर गेलं होतं. कॅमेऱ्यातली स्कूटर चोरीची निघाली तर चोरीची नोंद का नाही, हे वरून कुणीतरी विचारणार होतं. आणि त्याचं उत्तर देण्यासाठी ज्या ठाण्याने चोरी नाकारली त्याच ठाण्याला आता ती चोरी हवी होती, ती उशिरा सांगणारी एक बेफिकीर बाईही हवी होती. पावलोपावली चोरी गहाळ करणारी यंत्रणा आणि तिला वाचवायला लागते ती फुलवालीची सही.

चार वाजून गेल्यावर साहेबांनी पुन्हा आत बोलावलं. समजूतदारपणा ओसरला होता. "काय लिहायचं सांगा."

"खरं लिहा. मी त्याच दिवशी आले हुते."

"कोणी नोंद घेतली वगैरे नाव नाही घालता येणार."

"नाव नको. तारीख घाला. दाखल्यावर हाय ती."

त्यांनी लांबून दाखला बघितला, तो हातात मागितला नाही. रकान्यात नवीन ओळ टाईप झाली, 'फिर्यादी त्याच दिवशी ठाण्यात आली असता गहाळ नोंद घेण्यात आली'. त्यापुढे दाखल्यावरची तारीख. ताईंनी प्रत्येक शब्दावर बोट ठेवत ती ओळ वाचली, मग त्याखाली सही केली, हळूहळू, पूर्ण नाव, माहेरच्या शाळेत शिकवलं असेल तसं. फिर्यादीची प्रत मागितली. फुकट मिळते ती, हे मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. तेवढा एक सल्ला माझा उपयोगी पडला.

मी त्यांना माझ्या गाडीतून घरी सोडायला निघाले. यजमान पुढे बसले, ताई मागे, मांडीवर प्रत आणि दाखला एकावर एक. गंगापूर रोडवर गर्दी होती. मखमलाबादच्या फाट्यावर यजमान काचेबाहेर बघत म्हणाले, "सही लगेच केली असती तर दुपारीच सुटलो असतो. चार तास बसवलंस मला."

"मी नाय बसवलं," ताई म्हणाल्या. "त्यांनी बसवलं. सात आठवडे बसवलंय त्यांनी आपल्याला."

वस्तीच्या तोंडाशी ओट्यावर बायका उभ्या होत्या, सकाळी उभ्या होत्या त्याच असाव्यात. गाडी थांबली. यजमान उतरायला कचरत होते. ताई आधी उतरल्या, त्यांच्या बाजूचं दार उघडलं आणि ओट्यावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "उतरा. चोरी आपल्याकडं झाली हुती. आता लिहून आणलंय."