चुकीच्या सतरंजीवर

मंगळवारी रिपोर्ट आले. डॉक्टरांनी ते वाचले, चष्मा काढला आणि म्हणाले, "अब एक घूँट भी नहीं." माझी मुलगी मृण्मयी शेजारी बसली होती. तिने माझा हात धरला.

रिपोर्टवर अल्कोहोलिक हेपटायटिस असे लिहिले होते. म्हणजे दारूमुळे यकृताला आलेली सूज. पोट फुगत होते, डोळे पिवळे दिसत होते, आणि मी ते जयपूरच्या उन्हावर ढकलत होतो. विमा कंपनीतून निवृत्त झालेला, घरात पुस्तकांची कपाटे असलेला माणूस दारुडा नसतो, अशी माझी समजूत होती. पत्नी सुनंदा गेल्यावर संध्याकाळ सरेना म्हणून पेला भरू लागलो. पुढे दुपारही सरेना.

मला दवाखान्यात ठेवून घेतले. रोज पिणाऱ्याची दारू एकदम थांबली की हात थरथरतात, भास होतात, कधी झटकेही येतात. याला विथड्रॉवल म्हणतात. म्हणून घरच्या घरी, कुणाला न सांगता एकदम बंद करू नका. डॉक्टरांच्या देखरेखीखाली करा. मला ते दिवस फारसे आठवत नाहीत. छताचा पंखा आठवतो, आणि मृण्मयी.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "शरीर से मैंने निकाल दी. शाम में से आपको निकालनी पड़ेगी." मालवीय नगरातल्या एका सामुदायिक भवनात रविवारी संध्याकाळी दारू सोडलेल्यांची सभा भरते, असे त्यांनी सांगितले. तिथे आडनाव विचारत नाहीत. बाहेर पाटीही नसते.

मृण्मयी जयपुरातच वाढली. तिचे मराठी हिंदीला टेकून उभे असते. रविवारी भवनाच्या फाटकाशी स्कूटर थांबवून म्हणाली, "बाबा, मतलब, आत जाल ना? की मी वळले की रिक्षा पकडाल?"

"जाईन. प्रॉमिस."

"प्रॉमिस नको. नुसते जा."

हॉलमध्ये सतरंज्यांवर पांढऱ्या चादरी अंथरल्या होत्या. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, सगळे मान खाली घालून गप्प. मी चपला काढून मागच्या रांगेत बसलो. कुणी काही विचारले नाही. बरे वाटले. समोर हार घातलेला फोटो होता, संस्थापक असावेत. एवढी माणसे, त्यात इतक्या बायका! जयपुरात एवढे लोक पितात याचे नवल वाटले, आणि धीरही आला.

मागच्या कुठल्याशा खोलीतून मात्र सारखे हसू ऐकू येत होते. इथे माणसे आयुष्य सावरायला बसली आहेत आणि यांना हसू सुचते, असा मला राग आला.

थोड्या वेळाने सगळे उठले, फोटोपुढे फुले वाहून बाहेर पडू लागले. मीही फुले वाहिली. दाराशी मुंडण केलेला एक माणूस हात जोडून उभा होता. त्याने विचारले, "आप पिताजी के दफ़्तर से?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही तीये की बैठक होती. माणूस गेल्यावर तिसऱ्या दिवशी इथे लोक असे जमतात, गप्प बसतात आणि हात जोडून जातात. नोकरीत असताना मी अशा कितीतरी बैठकांना गेलो होतो. पण दारू सोडणे म्हणजे सुतकच असणार, असे मी मनाशी धरून आलो होतो. म्हणून शंकाच आली नाही.

चपलांत पाय सरकवले. चौकात ठेका, म्हणजे दारूचे दुकान, आहे हे मला ठाऊक होते. तसाच निघालो असतो तर घरापर्यंत कोरडा पोचलो नसतो. त्या माणसाला खोटे सांगवेना. म्हणालो, "माफ़ कीजिए. मैं शराब छोड़ने वालों की मीटिंग में आया था."

त्याने ओठ दाबले. मला वाटले, रडतो आहे. "पिताजी होते तो पेट पकड़कर हँसते," तो म्हणाला. "वो पीछे जो हँस रहे हैं न, वही आपवाले हैं. चलिए." आणि घरात सुतक असलेला तो माणूस मला स्वतः मागच्या खोलीच्या दारापर्यंत सोडून गेला.

आत गोलाकार खुर्च्यांवर आठ-दहा जण होते. विद्याधर नगरचे एक मास्टरजी सांगत होते, "बोतल छुपाई कूलर की टंकी में. ढक्कन ढीला. सास बोलीं, जमाईजी, आज हवा में बड़ी ताज़गी है!"

खोली हसली. मग मास्टरजींनी मला विचारले, "आइए भाईसाहब, कहाँ अटक गए थे?"

मी सांगितले. संस्थापकांना फुले वाहिली तेही सांगितले. एका बाईंनी डोळे पुसत पुसत सगळ्यांना दटावले, "धीरे, बाहर बैठक है!" सुनंदा गेल्यानंतर मी इतक्या मोठ्याने हसलो नव्हतो. हसता हसता तिच्याविषयी बोलायला लागलो. तेव्हा कुणी हसले नाही.

हे वाचणाऱ्याला कधी असे दार शोधायची वेळ आली, तर एवढेच सांगतो: चुकीच्या खोलीत शिरलात तर तिथे विचारा. परत फिरू नका.

सूज उतरली आहे. यकृतावर काही व्रण राहतील, असे डॉक्टर म्हणतात. सुनंदाची आठवण रोज येते. रविवारच्या सभेचा चहा आता मी करतो. आले फार घालतो अशी सगळ्यांची तक्रार आहे, पण किटलीत काही उरत नाही.